बंद कॅमेऱ्याचे गुरुवार

अक्का, तुम्हाला जाऊन आज बारा दिवस झाले आणि मी अजून तुमच्यावर चिडलेलीच आहे. गेलेल्या माणसाविषयी चांगलं लिहायचं असतं. ते लिहीन, पण आधी हे. दुपारी जेवलात, भावजयीला म्हणालात, "चारला च्या ठेव, मी जरा पडतो," आणि चारला उठलाच नाहीत. असं कुणी जातं का? एखादी पेशंट न सांगता नुसती व्हरांड्यात गेली तरी तिच्यामागे धावणाऱ्या बाई तुम्ही. "सांगून जायचं! हितं काय धर्मशाळा हाय व्हय?" दुसऱ्यांना हा कायदा, आणि स्वतःला?

नेसरीकडच्या तुमच्या घरी मी पोचले तेव्हा तुम्हाला बसवलेलं होतं. तुम्हा लिंगायतांत बसवूनच माती देतात हे मला माहीत होतं. तरी कपाळभर विभूती लावून ताठ बसलेल्या तुम्हाला बघितलं आणि वाटलं, आता विचारतील, "बाई, जेवून आलासा का?" मी जेवून आले नव्हते. कुणी विचारलंही नाही.

तुम्ही माझ्याकडे आलात ते सरकारी नोकरी मध्येच सोडून, कोल्हापुरातल्या माझ्या बारा खाटांच्या दवाखान्यात. मी नुकती सर्जन झालेली. नाकाच्या शेंड्यावर राग आणि जगातलं सगळं आपल्यालाच कळतं अशी खात्री. तुम्ही माझ्याहून पंधरा वर्षांनी मोठ्या. घरात कानडी, बाहेर मराठी, आणि संतापलात की दोन्ही एकदम. पहिल्या दिवशी मी तुम्हाला 'सिस्टर' म्हणून हाक मारली तर म्हणालात, "सिस्टर म्हनून लई वर्सं ऐकलं. आता अक्का म्हना." तेव्हापासून तुम्ही अक्का आणि मी बाई. माझा नवरासुद्धा माझ्यावर कधी रागावला नसेल तेवढ्या तुम्ही रागावलात, आणि तेही 'तुम्ही' म्हणून.

मग नव्वदच्या दशकाच्या मध्यावर तो कॅमेरा आला. मुंबईतल्या एका दवाखान्यानं जुना म्हणून काढून टाकलेला आणि मी हट्टानं उचलून आणलेला. अंगाची उष्णता टिपणारा कॅमेरा. स्तनात काही वेडंवाकडं वाढत असेल तर तिथं रक्त जास्त धावतं, वरची कातडी किंचित गरम होते आणि ती जागा पडद्यावर उजळ दिसते, असं त्यामागचं गणित. दाबायचं नाही, टोचायचं नाही, लांबून फोटो काढायचा. मी त्या यंत्राच्या प्रेमातच पडले होते. तुम्हाला तासभर समजावून सांगितलं. तुम्ही सगळं ऐकून घेतलंत आणि म्हणालात, "म्हंजे कपाळाला हात लावून ताप बघतोय तसंच की. तेला एवडं मोठं डबडं कशाला?"

त्या डबड्याचा डोळा थंड ठेवायला द्रवरूप नायट्रोजन लागायचा. मी मुंबईला फोन लावला, पुण्याला पत्रं लिहिली. आठवडाभर डोकं धरून बसले. तुम्ही चहा घेऊन आलात आणि विचारलंत, "तो धूर येणारा थंड पाण्यासारखा असतोय त्यो का? म्हशीवाल्यांकडं हाय की." खरंच होतं. आपल्या दुधाच्या जिल्ह्यात गाई-म्हशींच्या कृत्रिम रेतनासाठी गावोगावी नायट्रोजनचे कंटेनर हिंडत होते आणि मी पुण्याला पत्रं लिहीत होते. दुसऱ्याच दिवशी तुम्ही एक भरलेला कंटेनर दवाखान्यात आणून ठेवलात. कुणाला काय सांगून आणलात, ते विचारायचं धाडस मला झालं नाही.

आणि पहिल्याच शिबिराला त्या कंटेनरनं आपली पार वाट लावली. आठवतंय ना? गडहिंग्लजकडचं गाव, शाळेची खोली, पंचवीस-तीस बायका जमलेल्या. मी कॅमेरा मांडला, तुम्ही कंटेनर आत आणलात, आणि पुढं बसलेली एक म्हातारी ताडकन उठली. "अगं बया! ह्यो तर म्हशी भरवायचा डबा!" क्षणात निम्मी खोली दारात. उष्णता, नायट्रोजन, विज्ञान असं काहीतरी मी बडबडत राहिले. तुम्ही कमरेवर हात ठेवून त्या म्हातारीला म्हणालात, "ये म्हातारे, बस खाली. ह्या वयात तुला कोन भरवतंय?" एवढा हशा उठला की बाहेरची गडीमाणसं खिडकीतून डोकावली. म्हातारी सगळ्यात जास्त हसत होती. पहिला फोटो तिनंच काढून घेतला.

फोटोआधी अंग निवावं लागायचं. पंधरा मिनिटं कमरेपर्यंत उघडं होऊन पंख्याखाली बसायचं. तासभर आधीपासून चहा नाही, मिश्री नाही. चहावाचून बायका बसल्या असत्या, पण मिश्री सोडायची म्हणजे संकट. तुम्ही एकेकीच्या कनवटीतून डब्या काढून ओळीनं खिडकीत मांडायचात. मंगळसूत्र काढायला कुणीच तयार नव्हतं आणि फोटोत ते काळ्या रेघेसारखं आडवं यायचं. त्यावर तोडगा तुमचाच. "काढू नगा, पाठीवर टाका. नवरा पाठीशी हाय म्हना." पण झंपर? तो कोण काढणार? सगळ्या पदर घट्ट धरून भिंतीला टेकलेल्या. तेव्हा तुम्ही आपला झंपर काढलात, घडी करून बाकावर ठेवलात आणि त्यांच्यात मांडी घालून बसलात. पन्नाशीच्या, थोराड, पोटावर ऑपरेशनचा जुना व्रण असलेल्या. "बघा, समद्यांचं सारकंच हाय. कुनाचं वर, कुनाचं खाली." मग एकेक पदर खाली आला. त्या पंधरा मिनिटांत त्या काय काय बोलायच्या, अक्का! सुनेचं, जावेचं, दुखण्याचं, सहा वर्षं कुणाला न दाखवलेल्या एखाद्या चिघळलेल्या जागेचं. मी पांढरा कोट घालून कॅमेऱ्यामागे उभी असायचे. त्या खोलीत पूर्ण कपड्यांतली मी एकटी, आणि अवघडलेलीही मी एकटीच.

आपलं पहिलं मोठं भांडण एका शिक्षिकेवरून झालं. तिचा फोटो स्वच्छ होता, दोन्ही बाजू सारख्या. तुम्ही म्हणालात, "बाई, डावीकडं हाय. हरभऱ्याएवडं." मी पडदा दाखवला. "अक्का, इथं काहीही नाही." तुम्ही म्हणालात, "तितं नसंल. हितं हाय." आणि तुम्ही जीपच्या दारात उभ्या राहिलात, मी तिला हात लावून बघेपर्यंत हलला नाहीत. हरभराच होता. तुकडा तपासून आला तेव्हा मी तुमच्याकडे बघायचं टाळलं. पुढं उलटही झालं. पडदा नुसता उजळून निघालेला आणि आत काही म्हणजे काही नाही. आठ दिवस त्या बाईचं घर रडत बसलं ते वेगळंच. मी वाचन वाढवलं, जाणत्यांना विचारलं, आणि मनाविरुद्ध कबूल केलं. हा कॅमेरा एकट्यानं भरवशाचा नाही. हातानं तपासायलाच हवं, शंका आली तर मॅमोग्राफी करायलाच हवी. चूक कळल्यावर ती सांगायची, हा माझा बाणा. पुढच्या शिबिरात मी उभी राहून सांगितलं, फोटोपेक्षा हाताची तपासणी महत्त्वाची.

निम्म्या बायका उठून गेल्या. सासवा दारातच म्हणाल्या, "फोटू लांबनं काडनार म्हनून धाडलं. हात लावायचा असला तर नगं."

त्यानंतर तुम्ही तुमची पद्धत काढलीत. सासवांना सांगायचात, "फोटूच्या आदी जरा तयारी करावी लागती." ती तयारी म्हणजे तुमचे दोन हात. मला ते आवडलं नव्हतं. "अर्धवट सांगणं म्हणजे खोटंच," मी म्हणाले. "तयारीच हाय की ओ," तुम्ही म्हणालात. "माझा हात फिरल्याबिगर तुमी तरी फोटूवर इस्वास ठेवतासा का?" नव्हते ठेवत. म्हणून गप्प बसले. एवढं खोटं मी गिळलं, तेही कुरकुरत.

मग कॅमेराच मेला. आतला भाग निकामी झाला. ओतलेला नायट्रोजन घटकेत उडून जायचा आणि पडद्यावर नुसते मुरमुरे उधळल्यासारखे ठिपके. उद्यमनगरातल्या एका कारागिराला दाखवला. त्यानं तो तीन दिवस ठेवून घेतला आणि परत आणून दिला. "बाई, लोखंडाचं कायबी सांगा, करून देतो. हे आपल्यातलं न्हाय." सुटा भाग मिळायचा नाही, तो बनवणंही कधीच बंद झालेलं. खरं सांगायचं तर मला सुटल्यासारखं झालं. मी तो कपाटात ठेवायला सांगितला. त्या सुमारास माझी ऑपरेशनं वाढली होती, गावोगाव फिरणं जमेना. तुम्ही म्हणालात, "गुरवारचं मी बघतो." मी जीप दिली. दर गुरुवारी तुम्ही जात होतात, चंदगडकडे, आजऱ्याकडे, आणि संशय असलेल्या बायका माझ्याकडे पाठवत होतात. बायका येत होत्या आणि वेळेत येत होत्या. मी सगळ्यांना अभिमानानं सांगायचे, बघा, शेवटी हाताच्या तपासणीला बायका तयार झाल्याच.

अशाच एका गुरुवारी माझं एक ऑपरेशन रद्द झालं आणि मला वाटलं, जाऊन बघावं. चंदगडकडं पाऊस म्हणजे रोजचंच. शाळेच्या पडवीत पाच-सहा गडी आणि दोन सासवा इरली-छत्र्या टेकवून बसलेल्या. मी दार लोटलं. खोलीत आठ-दहा बायका उघड्या अंगानं बसलेल्या, त्यांच्यात तुम्हीही, आणि समोर स्टँडवर तो मेलेला कॅमेरा. त्याच्यावर चक्क छोटा दिवा लावलेला. एका बाईला तुम्ही समोर उभी केली होतीत. तिच्या काखेत तुमची बोटं होती आणि तुम्ही म्हणत होतात, "हां, फोटू निगाला, आता हात खाली."

मला पुढचं नीट दिसलंच नाही, एवढा राग आला. तुम्ही तिला सोडून माझ्याजवळ आलात, माझा दंड धरलात. "बाई, आदी एक ऐका. ही जी हाय, हिला दोन म्हयन्यानं परत बघाय पायजे—" मी हात झटकला. वीस वर्षांत एकदाच झटकला. म्हणाले, "तुम्ही या बायकांना फसवताय." आणि तशीच पडवीत गेले.

काय बोलले ते शब्द न् शब्द आठवतं, कारण मला माझा अभिमान वाटत होता. मी म्हणाले, हे यंत्र बंद आहे, गेले कित्येक महिने बंद आहे. इथं कुणाचाही फोटो निघत नाही. तपासणी हातानं होते, ती खरी आहे आणि तीच महत्त्वाची आहे. आमच्या माणसांनी तुम्हाला खोटं सांगितलं, त्याची मी माफी मागते. मग एक गडी म्हणाला, "म्हंजे आत हात लावत्यात?" आणि ते सगळे उठले.

आतल्या बायकांना माझं सगळं ऐकू गेलं होतं. त्यांनी कॅमेऱ्याकडे एकदासुद्धा बघितलं नाही. सगळ्याजणी तुमच्याकडे बघत होत्या. फसवलं गेल्याचं दुःख असेल, असं मला वाटलं. ज्या बाईला तुम्ही तपासत होतात ती झंपर अर्धवट चढवून काहीतरी बोलायला उठली, आणि तेवढ्यात तिच्या नवऱ्यानं दारातून हाक मारली. तिचं नाव तानूबाई, हे मला फार पुढं कळलं. तुम्ही खाली मान घालून आपल्या झंपराची बटणं लावत होतात.

परतीच्या वाटेवर तीन तास आपण एक शब्द बोललो नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी नेहमीसारखा तुमचा डबा माझ्या टेबलावर आला. भाकरी, अंबाडीची भाजी, फोडलेला कांदा. अबोला चालू आणि डबाही चालू, हे फक्त तुम्हालाच जमायचं. मी तो न खाता परत पाठवला. तिसऱ्या दिवशी परत आला. चौथ्या दिवशी मी खाल्ला, कारण भूक लागली होती आणि भाकरी तुमच्या हातची होती. पण 'माझं चुकलं' असं तुम्ही म्हणावं याची वाट मी बघत राहिले. तुम्ही म्हणाला नाहीत. वाद घातला नाहीत, खुलासा केला नाहीत, काही नाही. एरवी डाळीत मीठ जास्त का यावर अर्धा तास भांडणाऱ्या तुम्ही! पुढच्या गुरुवारी तुम्ही कॅमेरा न घेता गेलात आणि दोन बायका आल्या. त्यानंतरच्या गुरुवारी कुणीच नाही. मग गुरुवार बंद झाले.

दीड वर्षानं तानूबाईला तिचा नवरा घेऊन आला. दोन महिन्यांनी परत बघायची जी गोष्ट होती, ती आता लिंबाएवढी झाली होती आणि काखेत उतरली होती. सगळा स्तन काढावा लागला, पुढं महिनोन् महिने औषधं. तिचे केस गेले तेव्हा तुम्ही आपल्या हातानं तिचं डोकं पुसून द्यायचात. ती वाचली, अक्का, पण जे जायला नको होतं ते गेलं. ऑपरेशनच्या दिवशी मी हात धूत होते आणि तुम्ही शेजारी उभ्या होतात. मला वाटलं, आता बोलतील. म्हणतील, दोन महिन्यांत आली असती तर. मी मनात उत्तरं तयार ठेवली होती, खोट्याच्या पायावर दवाखाना उभा राहत नाही वगैरे. तुम्ही म्हणालात, "बाई, कोपरापतोर धुवा." बस. तुमचं ते न बोलणं मला तेव्हा उद्दामपणा वाटला. रात्री अंथरुणात मात्र कळायचं की तुम्ही बोलला असतात तर मला भांडता आलं असतं, आणि भांडता आलं असतं तर बरं वाटलं असतं.

त्यानंतर आपण चांगल्याच राहिलो, हेही लिहायला हवं. ऑपरेशनच्या टेबलावर माझी एक पेशंट गेली तेव्हा तुम्ही मला मागच्या खोलीत नेलंत आणि भुईमुगाच्या शेंगांनी भरलेलं सूप पुढं ठेवलंत. "फोडा," म्हणालात. तासभर आपण दोघी शेंगा फोडत बसलो आणि मी नातेवाइकांसमोर जाण्याजोगी झाले. माझ्या आईच्या शेवटच्या आजारात माझ्याआधी तिला तुमचं पाऊल कळायचं. तुम्ही निवृत्त होऊन गावी निघालात तेव्हा मी रडले आणि तुम्ही म्हणालात, "असं रडतासा तर मग एवडी वर्सं भांडलासा कशाला?" एवढं सगळं होतं आपल्यात. फक्त त्या गुरुवारबद्दल आपण पुन्हा कधी बोललो नाही. मी विचारलं नाही, तुम्ही सांगितलं नाहीत. दर वेळी तुमच्याकडे यायचे तेव्हा वाटायचं, आज विषय काढू. मग तुम्ही जेवायला वाढायचात आणि राहून जायचं.

आता पाचव्या दिवशी काय झालं ते ऐका.

मी पुन्हा तुमच्या घरी गेले होते. सोप्यात माणसं बसून होती. दुपारी एक वडापची, भाड्याची जीप दारात थांबली. तानूबाई उतरली, तिच्यामागे तीन बायका, आणि त्यांच्यातल्या एकीचा सासरा. सासरा बाहेर पायरीवर बसला. तानूबाई माझ्या गळ्यात पडून रडली, मग डोळे पुसून मला बाजूला घेऊन म्हणाली, "बाई, एक सांगायचं ऱ्हाऊन गेलतं. त्या दिशी तुमी शाळेत सांगितलंसा न्हवं, यंत्र बंद हाय म्हनून? ते आमाला आदीच ठावं हुतं."

मी विचारलं, कधीपासून.

"बंद पडलं तवापस्नं. अक्कांनी पयल्याच गुरवारी सांगून टाकलं. म्हनल्या, बायांनो, ह्यो डबा मेलाय, ह्यात आता कायबी दिसत न्हाय. माझा हात तेवडा जित्ता हाय, पटलं तर या. आमीच म्हनलो, अक्का, डबा घिऊनच येत जावा. डबा असला की घरातनं सोडत्यात."

अक्का, मी तुमच्या भिंतीला टेकून खाली बसले. "मग त्या दिवशी कुणी बोललात का नाही?"

"मी बोलनार हुतो की. उठलोबी हुतो. अक्कांनी डोळ्यानंच दाबलं. मागनं दवाखान्यात होतो तवा मी इचारलं त्यास्नी. म्हनल्या, दारात तुजा दाल्ला हुता. तू बोलली असतीस तर घरात तुजी काय गत झाली असती? आनि बाई खोटं बोलत न्हाईत, हे समद्या गावानं बगिटलं. उद्या कुनाला कापायची येळ आली तर ह्याच बाईकडं जायाला पायजे. मी खोटारडी ठरलो तर ठरलो, मी काय कापत न्हाय."

ती पुढं म्हणाली, "आनि तसंच झालं बगा. माज्या दाल्ल्यानंच मला तुमच्याकडं आनलं. म्हनला, ती बाई खरं बोलती."

म्हणजे एवढी वर्षं मी ज्या खरेपणाच्या जोरावर मान वर करून चालले, तो शाबूत ठेवायला तुम्ही आपल्या नावावर खोटेपणा लावून घेतलात. मला का सांगितलं नाहीत, असं आधी मनात आलं. मग स्वतःलाच विचारलं, सांगितलं असतंत तर मी काय केलं असतं? बायकांनाही माहीत आहे, हेसुद्धा मी पडवीत जाऊन सांगितलं असतं. तुम्ही मला पुरतं ओळखलं होतंत. माझं चुकलं, अक्का. हे तुमच्या तोंडावर म्हणायला हवं होतं. जेवायला वाढायच्या आधी म्हणायला हवं होतं.

मी तशीच बसलेली बघून तानूबाईनं माझ्या खांद्याला हात लावला. "बाई, तुमी आज हितं येनार कळलं, म्हनून ह्यातल्या दोघी दाखवाय आल्यात."

"इथं? घरी काय सांगून आल्यात?"

"अक्कास्नी भेटाय जातो म्हनून. मयताला कोन अडवत न्हाय."

तुमच्या भावजयीनं काही न विचारता मागच्या खोलीत चटई टाकली आणि गरम पाणी आणून ठेवलं. मी हात धुतले, कोपरापर्यंत. एकीला काहीच नव्हतं, नुसती भीती होती. दुसरी तिशीची, धाकटं पोर वर्षाचं. तिच्या उजवीकडे माझी बोटं थांबली, तेवढ्यात दार वाजलं. सासरा बाहेरून विचारत होता, "बाई, लई येळ झाला. आत काय चाललंया?"

मी दार बोटभर उघडलं. म्हातारा लांबचा प्रवास करून आलेला, दमलेला, वाईट माणूस नव्हे. मी त्याच्या डोळ्यांत बघून म्हणाले, "रडतायत. अक्कांची आठवण निघाली. थोडा वेळ लागेल."

त्यानं टोपी काढली, मान हलवली आणि परत जाऊन बसला.

आत आले तर ती बाई झंपर छातीशी धरून उभी. "दवाखान्यात यायला हवं," मी म्हणाले. "सोमवारी." ती म्हणाली, "घरात काय सांगू?" चौघीही माझ्याकडे बघत राहिल्या. असल्या गोष्टींत माझा अभ्यासच नाही. शेवटी म्हणाले, "सांग, डॉक्टरीणबाईंना चंदगडचे काजू हवेत, तूच निवडून आण म्हणाल्यात." तानूबाई तोंडाला पदर लावून हसली.

सोमवारी ती आली. पिशवीभर काजू घेऊन, सासऱ्याबरोबर. म्हातारा बाहेर बाकावर बसला. तुकडा तपासायला पाठवला आहे, काय निघेल ते निघेल. पण गाठ लहान आहे, अक्का. वेळेत आली आहे.